काचेपलीकडचं कोपर

काचेपलीकडच्या बाईंचं कोपर किंचित उचललं गेलं आणि अलीकडे, कानांना हेडफोन लावून बसलेल्या तिने बटण दाबलं.

आवाज आला की दाबायचं, एवढंच सांगितलं होतं. उजव्या कानाचा प्रश्नच नव्हता. डाव्यात मात्र गेले तीन महिने एक शिट्टी ठाण मांडून बसली होती, तिच्याखेरीज काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. पण यंत्राची कळ फिरवताना तपासणाऱ्या बाईंचं कोपर हलतं, हे तिने पहिल्याच मिनिटात हेरलं होतं.

कोर्टातल्या जबान्या हेडफोनवर ऐकून टाईप करायच्या, हे तिचं सोळा वर्षांचं काम. पायाखाली पेडल असे. वाक्य निसटलं की पेडल दाबून मागे घ्यायचं. अलीकडे वाक्यं फार निसटायला लागली, म्हणून तिने आवाज वाढवला, आणि पाठोपाठ चक्करही वाढली. परवा ती कपाट धरून उभी असताना थोरल्या बहिणीने पाहिलं आणि तिला इथे आणलं, नाहीतर तिने या कानाचं त्या कानाला कळू दिलं नसतं. ऑफिसला दरवर्षी कानांचा दाखला लागे. दाखला नाही तर नोकरी नाही, आणि दुसरं कुठलंच काम तिला येत नव्हतं.

डॉक्टरांनी आलेख उजेडात धरला.

"दोन्ही कान ठणठणीत आहेत तुमचे."

तिचा जीव भांड्यात पडला. बहिणीने तिचा दंड दाबला.

"बघ, उगाच घाबरत होतीस."

"पण मग चक्कर कानाची नाही," डॉक्टर चष्मा काढत म्हणाले. "शिट्टी वाजते म्हणता, तोल जातो म्हणता, आणि कान तर उत्तम. म्हणजे डोक्यात शोधायला हवं. उद्याच स्कॅन करू. घरचं कुणीतरी बरोबर आणा."

"डोक्यात म्हणजे काय असेल, डॉक्टर?" बहिणीने विचारलं.

"पाहिल्याशिवाय काही सांगत नाही."

आगीतून फुफाट्यात म्हणतात, ते असं. बहीण पर्सची चेन उघडत-मिटत राहिली. त्यांच्या आईचं डोक्यातलं दुखणंही चक्करेपासूनच सुरू झालं होतं.

खोटी साक्ष देणारा माणूस कुठे थांबतो, कुठे खाकरतो, हे तिला सोळा वर्षांत पाठ झालं होतं. ती खाकरली.

"डॉक्टर, ती तपासणी पुन्हा करा."

"का?"

"डाव्या कानाने मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी बाईंचं कोपर बघून दाबत होते."

"अगं, वेड लागलंय का तुला!" बहीण म्हणाली, आणि रडूच लागली.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी आलेख दुमडून बाजूला ठेवला आणि बाईंना हाक मारली.

"यांची खुर्ची भिंतीकडे वळवा."

भिंतीकडे तोंड होतं, तरी ती डोळे मिटून बसली. उजवा कान झटपट झाला. मग डावा. कानच गेलेला असू दे, ती मनात घोकत होती, फक्त कानच. शिट्टी चालूच होती. अंगठा बटणावर तसाच थांबला होता. बराच वेळ गेला.

खाली तिचा पाय मात्र पेडलसारखी फरशी दाबत होता, पुन्हा पुन्हा.