भाऊजींचा हात लागण्याआधी

थोरल्या भाऊजींनी फोनवर एवढंच सांगितलं की रविवारी सकाळी येतो, तोवर मशीनला कुणी हात लावू नका. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी डॉक्टर रुग्णाला उपाशी राहायला सांगतात, तसा आवाज. नवऱ्याने फोन ठेवला आणि आता सगळं मार्गी लागलं अशा चेहऱ्याने बायकोकडे पाहिलं. बायको मशीनकडे पाहत होती.

तिला सासरी सगळे धाकटी म्हणत. केस पांढरे झाले, चष्मा लागला, तरी सासरची धाकटी ती धाकटीच.

भाऊजी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते. खात्यात असताना ते लोकांचं पाणी तोडत. निवृत्तीनंतर तोडण्यासारखं काही हाताशी राहिलं नाही, तेव्हा त्यांनी कुटुंबातले संगणक हाती घेतले. त्यांना औषध एकच ठाऊक होतं, फॉरमॅट. मशीन हळू चाललं, फॉरमॅट. प्रिंटर रुसला, फॉरमॅट. नणंदेच्या मशीनमधून आवाज येईना, म्हणून त्यांनी तेही पुसून कोरं केलं, आणि मग कळलं की स्पीकरची वायर निघाली होती. वायर खोचल्यावर आवाज झकास आला, फक्त वाजवायला आत काही उरलं नव्हतं. भाऊजी तरीही समाधानाने म्हणाले होते, आता बघ कसं पळतंय. पळणारच. घरातलं सगळं सामान रस्त्यावर फेकून दिलं की केर काढायला वेळ लागत नाही.

धाकटी विणकामाचे नमुने काढून लोकरीच्या एका कारखान्याला देत असे. त्यासाठी तिच्याकडे एक जुना प्रोग्रॅम होता. पडद्यावर चौकटी, एक चौकट म्हणजे एक टाका, सुलटा की उलटा ते रंगावरून कळायचं. ज्याने तो बनवला त्या माणसाने आपलं दुकान कधीच गुंडाळलं होतं. प्रोग्रॅम नव्याने बसवायचा तर एका नंबरावर फोन करून परवलीचे आकडे मागून घ्यावे लागत, आणि तो फोन आता एका दंतवैद्याच्या दवाखान्यात वाजत असे. तिने एकदा लावून पाहिला होता. पलीकडच्या मुलीने फार आपुलकीने विचारलं, वरची दाढ की खालची?

म्हणजे फॉरमॅट झालं की प्रोग्रॅम गेला, आणि आजवर काढलेले नमुने दुसऱ्या कशातही उघडत नसल्यामुळे तेही गेल्यातच जमा. शिवाय लहान मुलांच्या स्वेटरचा नवा नमुना अर्धा झाला होता. बाही आणि गळा राहिला होता, आणि तो रविवारीच पाठवायचा होता.

मशीन हळू होतं यात मात्र खोटं काही नव्हतं. बटण दाबून ती अंघोळीला जाई, आणि केस वाळवून आली तरी पडद्यावरचं चक्र गरगरतच असे. एक टाका रंगवायचा तर आधी जांभई द्यावी लागे.

हे सगळं तिने नवऱ्याला समजावून सांगितलं. त्याने नीट ऐकलं आणि दादाला कळतं गं त्यातलं, असं म्हणून पेपर उघडला. लहानपणी दादाने त्याचं मनगटी घड्याळ दुरुस्त करायला उघडलं होतं. तेव्हापासून नवऱ्याला लोकांना वेळ विचारायची सवय लागली, पण दादावरची श्रद्धा ढळली नाही.

शनिवारी दुपारी धाकटीने मशीनला हात लावला.

मशीन सुरू होताना त्याच्या मागोमाग आपोआप काय काय सुरू होतं, ते दाखवणारी एक जागा असते. धाकटीने ती उघडली, आणि तिला तिथे सगळं सासरच भेटलं. नणंदेच्या यजमानांनी बसवलेलं हवामान होतं. बाहेर पाऊस सुरू झाला की ते पाऊस येण्याची शक्यता वर्तवत असे. जाऊबाईंच्या भाच्याचा एक खेळ होता. भाचा मिशा फुटून, नोकरी लागून, संसारालाही लागला होता, खेळ मात्र अजून त्याची वाट पाहत बसलेला. चुलतसासऱ्यांचं बोलणारं घड्याळ होतं. प्रिंटरचा एक मदतनीस होता, जो प्रिंटर भंगारात गेल्यावरही रोज इमानाने उठून त्याला हाका मारत असे. ज्याने ज्याने या घरी चहा घेतला, त्याने त्याने जाताना मशीनमध्ये काहीतरी ठेवलं होतं.

आणि मानाच्या जागी भाऊजींचे तीन प्रोग्रॅम होते, तिन्ही वेग वाढवणारे. एकाच्या चित्रात अग्निबाण होता. तो उठल्या उठल्या लाल अक्षरांत शेकडो गंभीर दोष सापडल्याचं जाहीर करी. धाकटीने ते दोष पहिल्यांदाच उघडून वाचले. बरेचसे दोष म्हणजे उरलेले दोन वेगवर्धक होते. उरलेल्या दोघांचं त्याच्याबद्दल हेच मत होतं.

अँटीव्हायरसही दोन होते. एक भाऊजींचा, आणि दुसरा नणंदेच्या यजमानांचा, कारण त्यांचा भाऊजींच्या अँटीव्हायरसवर विश्वास नव्हता. एका फाटकावर दोन पहारेकरी नेमले होते आणि दोघे दिवसभर एकमेकांचे खिसे तपासत होते.

तेवढ्यात नवरा मागे येऊन उभा राहिला. तिने एकेकाचं आपोआप उठणं बंद करायला घेतलेलं पाहून तो कुजबुजला.

"अगं, ते दादाचं आहे. ते तरी राहू दे."

"भाऊजींचं आहे म्हणूनच काढतेय."

"आणि त्याने विचारलं तर?"

"त्यांनी काय काय बसवलंय ते त्यांना तरी आठवतंय का, ते आधी विचारा."

हवामानाला आणि घड्याळाला तिने नुसतं झोपू दिलं. एक अँटीव्हायरस ठेवला, दुसरा रीतसर उतरवला. तिन्ही वेगवर्धक मुळासकट काढले. अग्निबाण सहजासहजी जाईना. खरंच काढणार का, परत एकदा विचार करा, निदान जाण्याचं कारण तरी सांगा, अशी त्याने गयावया केली. दिलेल्या कारणांत नातेवाईक हे कारण नव्हतं. धाकटीने 'इतर' निवडलं.

मग जागेचा प्रश्न. डिस्क गच्च भरली होती. 'बॅकअप', 'बॅकअप नवा', 'बॅकअप खरा' आणि 'बॅकअप हाच' अशी भाऊजींची चार फोल्डरं निघाली आणि चारही ठिकाणी नणंदेच्या लग्नाचं तेच चित्रीकरण, ज्यात पहिला अर्धा तास भाऊजी कॅमेऱ्याला सूचना देतात. तिने एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, ती नीट चालते का ते पाहिलं आणि बाकीच्या पुसून कचरापेटीही रिकामी केली. नणंदेचं लग्न एकदाच झालं होतं, तेवढी एक प्रत पुरे होती.

शेवटी तिने मशीन बंद करून वायर काढली आणि बाजूचं झाकण उघडलं. पंख्यावर मऊशार गादी जमली होती. निळी, पिवळी, मधूनच राखाडी. ती लोकर होती, सगळी तिचीच. बिचारं मशीन इतकी वर्षं स्वेटर घालून काम करत होतं. हा दोष मात्र कुणाच्या माथी मारता येईना, त्यामुळे तिने तो ब्रशने मुकाट्याने साफ केला.

झाकण लावून बटण दाबलं. नवरा सवयीने चहा ठेवायला निघाला होता. तो दारापर्यंत पोचला नाही तोच पडद्यावर चौकटी उमटल्या.

रविवारी भाऊजी आले ते खिशाला पेन ड्राइव्ह लावून. चहा नंतर, आधी काम, म्हणाले. धाकटी मशीनपुढे बाहीचे टाके रंगवत बसली होती. तिने त्यांच्यासमोर मशीन बंद करून परत चालू केलं. भाऊजींचा चेहरा पडला. ऐन शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्ण उठून स्वतःच्या पायांनी घरी जायला निघावा आणि वर डॉक्टरची तब्येत विचारावी, तसं झालं.

"हे तात्पुरतं आहे," ते म्हणाले. "आजार आत दबलाय. अशी मशीनं जास्त धोक्याची. ऊठ, मुळापासून साफ करून देतो."

"बाही तेवढी होऊ दे, भाऊजी."

बाही झाली. धाकटी उठली नाही. गळा राहिलाय म्हणाली. त्या खोलीत खुर्ची एकच होती. भाऊजी पेन ड्राइव्ह चिमटीत धरून तिच्या मागे उभे राहिले. एकदा या पायावर, एकदा त्या. उलटे टाके कशाला हवेत, असं त्यांनी विचारून पाहिलं. धाकटीने गळा आधी गोल घेतला, मग मोडून व्ही केला, मग परत गोल. पण गळ्यालाही शेवट असतो, आणि भाऊजींना दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं. थोरल्या दिराला नाही म्हणण्याची या घरात रीत नव्हती. तिला बसून राहणं एवढंच जमत होतं, आणि टाके संपत आले होते.

दारातून नवऱ्याचा आवाज आला.

"दादा, माझा मोबाईल हल्ली फार जड चालतोय रे."

भाऊजी वळले. त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा रक्त आलं. "आण इकडे. कधीपासून? आणि मला आज सांगतोयस?"

दोघे बाहेरच्या खोलीत गेले. धाकटीने गळा बंद केला, नमुना तपासला आणि कारखान्याला पाठवून दिला. पोचल्याची पावती आली, तेव्हा कुठे तिचे खांदे खाली आले.

नवरा आत आला. त्याच्या हातात मोबाईल होता, नवजात बालकासारखा कोरा.

"भाऊजी काय करणार ते माहीत होतं ना तुम्हाला?"

"होतं की."

"मग?"

"त्यात होतं काय? ऑफिसातली माणसं आणि दादाचेच सुप्रभात." तो जरा घुटमळला. "बरं, तुझा नंबर सांग. पाठ नाही मला."

तिने सांगितला. तो दोनदा चुकला, तिने दोनदा परत सांगितला, आणि बाहेरून भाऊजी विचारत होते, आता बघ, पळतोय की नाही?