प्रवेशाच्या दिवशी मोजलेल्या मुली

मित्रांनो, ज्याच्या अंगावर मुली शुश्रूषा शिकतात, असा मी एक जुना रबरी पुतळा आहे. शिरपूरच्या एका नर्सिंग कॉलेजात खाटेवर पडून असतो. मुलींनी माझं नाव ठेवलं यादवआबा. छाती दाबदाबून मला इतक्यांदा जिवंत केलंय, की यमाचे दूतही आता माझ्या नादी लागत नाहीत.

नवा होतो तेव्हा पाहुण्यांना आधी मला दाखवायचे. आता कोपर झिजलंय, एक डोळा मिटत नाही. पण हातांची ओळख पक्की आहे. पहिल्या वर्षी पाड्यांवरच्या मुलींचे पुष्कळ हात माझी नाडी शोधतात. शेवटच्या वर्षी ते विरळ होतात. कुठे जातात, हे कुणी विचारत नव्हतं.

सुई टोचण्याआधी रुग्णाशी बोलायचं, हा इथला शिरस्ता. बाकीच्या मुली रबराशी बोलायला लाजायच्या. दीपमाला मात्र घरच्यासारखं म्हणायची, "आबा, घाबरू नका. जराशी सुई टोचस, मंग बठ्ठं बरं व्हई जाई." त्या पोरीवर माझा जीव होता.

एके दिवशी मेघा नावाच्या एक मॅडम बाहेरून कॉलेजची पाहणी करायला आल्या. शिक्षणाला खर्च किती, पुढे कमाई किती, मुली कोणत्या समाजांतल्या, हे त्यांना बघायचं होतं. माझ्या खाटेपाशी उभे राहून प्राचार्य अभिमानाने म्हणाले, "व्यापाऱ्यांच्या, बौद्ध कुटुंबांतल्या, पाड्यांवरच्या, सगळ्या मुली आमच्याकडे प्रवेश घेतात."

"आणि शेवटपर्यंत टिकतात किती?"

प्राचार्य हजेरीपट चाळू लागले. ते मोजायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

तेवढ्यात दीपमालाचे वडील, हिलालभाऊ, दारात आले. लेकीला कायमचं घरी न्यायला आले होते. मॅडमनी कारण विचारलं.

"फी माफ शे मॅडम. पन मेसना, गनवेशना, बसना खर्च बठ्ठा आमलेच करना पडस. इतलं करीसन इले पगार कितला भेटी? खरं सांगा."

मॅडम म्हणाल्या, "सुरुवातीला खासगी दवाखान्यात फार थोडा. सरकारी नोकरी लागली तर चांगला. पण लागेलच, असं मी सांगणार नाही."

"इतलं खरं आजलगून कोनी सांगं नही," हिलालभाऊ म्हणाले. त्यांनी माझ्या खाटेशी उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. घरी धाकटी दोघं शिकत होती, हे तिलाही ठाऊक होतं. "चाला आबा," ती वडिलांना म्हणाली. मॅडमनी थांबायची विनंती केली, काही सोय होते का बघते म्हणाल्या. पण सोय कधी होईल, हे त्यांनाही सांगता येईना. बाप-लेक निघून गेले.

मित्रांनो, माझं कोपर कुणीही सांधेल. पण तुमच्या वर्गातली एखादी जागा रिकामी दिसली, तर त्याच दिवशी विचारा, ती मुलगी का आली नाही. उद्यावर टाकू नका. त्या दिवशी निघण्याआधी दीपमालाने माझी चादर सारखी केली, माझ्या कपाळावर हात ठेवला. मला तिच्याशी बोलता आलं असतं, तर एवढंच म्हणालो असतो, पोरी, जाऊ नको.