सहलीचा शेवटचा दिवस

जीप टेकडीच्या चढाला लागली तसे धनसिंगने मागे वळून सहाही जणांना इस्त्रीचे पांढरे शर्ट वाटले.

"बदला रे. सहा दिवस लोळत होता असं दिसायला नको."

पोरं हसली. सुकदेवही हसला, कारण न हसणाऱ्याकडे धनसिंग जरा जास्त वेळ बघायचा.

सहल म्हणायची ती अशी : पाचोऱ्याच्या पलीकडे एका मळ्यात मुक्काम, दोन्ही वेळा गोडाधोडाचं जेवण, व्हिडिओवर सिनेमे आणि फाटकाला बाहेरून कुलूप. वर्गात पहिला येईल तो वर्गप्रतिनिधी, त्यांच्यातून कॉलेजचा एक यू.आर., म्हणजे विद्यापीठ प्रतिनिधी, आणि विद्यापीठाच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या यू.आर.नी मिळून विद्यापीठाचा अध्यक्ष निवडायचा, अशी तेव्हा रीत होती. त्यामुळे एरवी ज्यांना कुणी हिंग लावून विचारत नसे, अशा पुस्तकी पोरांना निवडणुकीच्या आठवड्यात एकदम सोन्याचा भाव यायचा. धनसिंग अध्यक्षपदाला उभा होता. धुळ्याच्या एका कॉलेजचा यू.आर. असलेल्या सुकदेवला त्याच्या माणसांनी कॉलेजच्या फाटकातूनच उचललं होतं, अगदी प्रेमाने, खांद्यावर हात टाकून.

सुकदेवचं मत मात्र केव्हाच ठरलेलं होतं. धनसिंगच्या विरोधात भटू उभा होता, आणि भटू म्हणजे सुकदेवच्या खोलीतला जोडीदार. मागच्या वर्षी सुकदेवचा गणिताचा पेपर गहाळ होऊन निकालात तो गैरहजर लागला, तेव्हा भटू तीन दिवस परीक्षा विभागाच्या पायरीवर ठिय्या मारून बसला होता. गठ्ठे उपसायला लावून त्याने पेपर शोधून काढला, म्हणून तर आज सुकदेव यू.आर. होता. मत गुप्त असतं, मतपेटीत कोण डोकावतंय, असं सहा दिवस धनसिंगचं श्रीखंड खाताना तो मनाला बजावत आला होता.

विद्यापीठाच्या अंगावर अजून सिमेंटची धूळ होती. परवापरवापर्यंत सगळे कागद पुण्याला जायचे. आता एक कचेरी, अर्धं वसतिगृह, खोक्यांतच पुस्तकं असलेलं ग्रंथालय आणि कमरेएवढी कडुनिंबाची रोपं, एवढा संसार या माळावर मांडून झाला होता. वारा तेवढा भरपूर. आज झाडून सगळ्या कॉलेजांची पोरं लोटली होती आणि जिथे तिथे सुमो-जिपांच्या आडोशाला कुजबुज चालली होती.

कचेरीसमोर धनसिंगची दुसरी जीप उभी होती. तिच्यात पुढच्या सीटवर नवी शाल पांघरून, मांडीवर नारळ धरून सुकदेवचे वडील झुलाल आबा बसले होते.

सुकदेव जीप थांबायच्या आत उतरून तिकडे धावला.

"आबा, तुम्ही आठे कसं काय?"

"या पोरेस्नी सकायमा घर यीसन माले गाडीमा बसाडं. शाल बी दिन्ही." आबांचा चेहरा फुलून आला होता. "केवढं मोठं शे रे हाई बठ्ठं! तू आठे शिकस?"

"आबांनी विद्यापीठ पाहिलंच नव्हतं म्हणे," धनसिंग मागून म्हणाला. "म्हटलं, पोरगा यू.आर. झाला आणि बापाने बघायचंही नाही? तू निवांत मत देऊन ये. निकाल लागेपर्यंत आबा आपल्यापाशी आहेत." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "चांगला लागला, की मी स्वतः त्यांना घरी सोडतो."

नाही लागला तर काय, हे सुकदेवने विचारलं नाही. बाकीच्या पाच जणांच्या घरून कुणी आलेलं नव्हतं. भटूच्या खोलीत राहणारा तो एकटाच होता.

कचेरीत मतदानाच्या पडद्याआड तो बराच वेळ मतपत्रिकेवरच्या भटूच्या नावावर बोट ठेवून उभा राहिला. खिडकीतून जीप दिसत होती. आबा कुणाला तरी बोलावून कौतुकाने शाल दाखवत होते. सुकदेवने धनसिंगच्या नावापुढे फुली मारली, कागदाची घडी घातली आणि पेटीत टाकली. त्याला स्वतःची एवढी लाज आजवर कधी वाटली नव्हती. पण आबा संध्याकाळी घरी जेवायला असतील, एवढाच विचार करत तो बाहेर आला.

चारच्या सुमाराला निकाल लागला. धनसिंग छत्तीस, भटू सदतीस.

सुकदेवने बाजूच्या पाच पांढऱ्या शर्टांकडे पाहिलं. कुणीच मान वर करत नव्हतं. तेवढ्यात गर्दी फोडत भटू आला आणि त्याने सुकदेवला कडकडून मिठी मारली.

"सुक्या! एका मताने निवडून आलो! तुझ्या मताने रे!"

"भटू, ऐक, मी नाही दिलं तुला. धनसिंगला दिलंय मी!"

"आता कशाला घाबरतोस?" भटूचे डोळे भरून आले होते. तो गर्दीकडे वळून मोठ्याने म्हणाला, "सहा दिवस कोंडून ठेवला, तरी हलला नाही माझा भाऊ!"

चार जणांनी सुकदेवला खांद्यावर उचललं. तिथून त्याला सगळं आवार दिसलं. धनसिंग जीपपाशी उभा होता. तो चिडलेला दिसत नव्हता. त्याने सुकदेवकडे एकवार नीट बघून घेतलं, आबांना थोडं सरकायला सांगितलं आणि त्यांच्या शेजारी बसून दार ओढून घेतलं.

"सुका!" आबांनी खिडकीतून हाक मारली. "हाऊ भाऊ माले धरन दखाडाले ली जाई राहिना! तू मांगून ये!"

"आबा, धरणावर जाऊ नका! उतरा! आबा!"

त्याचा आवाज त्याच्याच नावाच्या जयजयकारात बुडाला. त्याने दोन्ही हात वर करकरून हलवले. उताराला लागलेल्या जीपमधून आबांनीही हात बाहेर काढून हलवला.