पडद्यावर झोपलेलं बाळ

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी कॅमेऱ्याने मला शेवटचा कागद दिला आणि तिथूनच सगळं सुरू झालं. अजून मी सावरलेलो नाही.

मी संगणकाच्या आत बसून पडदा रंगवणारा बोलतोय. माणसांनीच मला घडवलं, पण या घरात मी आहे हेसुद्धा कुणाला ठाऊक नाही. काम माझं साधं. प्रत्येक प्रोग्रॅम आपलं चित्र कागदावर काढल्यासारखं काढून माझ्याकडे देतो. मी ते कागद एकावर एक रचतो, सगळ्यात वर माउसचा बाण ठेवतो आणि पडदा रंगवतो. पापणी लवेपर्यंत कितीतरी वेळा. कुणी नवा कागद दिलाच नाही, तर त्याचा जुनाच धरून ठेवतो. जागा रिकामी दिसू नये, अशी मला शिकवण आहे.

या घरातली आई तेव्हा बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची. बाळ आतल्या खोलीत जमिनीवरच्या गादीवर झोपतं. मशीनच्या आवाजात त्याचं रडणं ऐकू येत नसे, म्हणून नवऱ्याने तिथे कॅमेरा लावून त्याचं चित्र मशीनशेजारच्या या संगणकावर आणून दिलं. शिवता शिवता ती सारखी पडद्याकडे बघायची. जीव थाऱ्यावर नसायचाच तिचा.

त्या दुपारी कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम अडकला. मी शेवटचा कागद धरून बसलो. बाळ कुशीवर, मूठ गालाखाली. आईला एकदा शंका आली. तिने माउस हलवून पाहिला. बाण सरसर धावला, कोपऱ्यातलं घड्याळही पुढे सरकत होतं. चालू आहे म्हणायचं, असं पुटपुटून ती पुन्हा शिवायला लागली. बाणाचा कागद वेगळा, घड्याळाचा वेगळा, हे तिला कोण सांगणार?

थोड्या वेळाने बाहेर गेलेली नणंद दारात येऊन उभी राहिली.

"वहिनी, बाळ कुठंय?"

"झोपलंय की, ताई. हे काय, बघा ना."

"मग मी हे कुणाचं उचलून आणलं? जिन्याच्या तोंडाशी बसलं होतं, एक पाय खाली सोडून."

आतल्या खोलीचं जिन्याकडचं दार नुसतं लोटलेलं होतं.

आईने वळून पाहिलं. नणंदेच्या कडेवर बाळ, आणि पडद्यावर तेच बाळ गाढ झोपलेलं. तिच्या हातातली कात्री गळून पडली. तिने बाळाला ओढूनच घेतलं आणि त्याचे पाय चाचपत खाली बसली.

"तुमच्या या डब्यात कुणी आळशी कारकून बसवलाय वाटतं," नणंद म्हणाली. "एकच कागद फिरवतोय मेला."

आळशी? मी क्षणभरही थांबलो नव्हतो. तेच चित्र पुन्हा पुन्हा, अगदी नेकीने रंगवत होतो. धक्का बसलाय तो याचाच.

आता शिलाई मशीन आतल्या खोलीत गेलंय, गादीशेजारी. मी बाहेर एकटाच चालू असतो.

पडद्यावर दिसतं ते आत्ताचं की मघाचं, मला खरंच कळत नाही. लेकराला पडद्यावर ठेवून काम करणाऱ्या सगळ्या आयांना एवढं कळवा. चित्र कितीही शांत दिसलं तरी उठा, आत जा आणि हात लावून बघा.