आस्निमारची रेघ

नकाशाचं काम गावात आलं तेव्हा सगळ्यांत जास्त कोण चिडलं असेल, तर आमच्या कुळाचे प्रमुख, दातुक.

"मला नुसतं बघता येतंय!" माझ्या पायरीवर बसून ते म्हणाले. "रेघ ओढायला गेलो तर हा फोन माझं बोट झिडकारतो."

माझी मुलगी येल्वी गावच्या कचेरीत आहे. मला ती अमाक म्हणते, म्हणजे आई. एकेका कुळाची जमीन फोनवरच्या नकाशात चढवायची आणि त्यात कुणाला काय करता येईल ते लावून द्यायचं, हे काम तिच्याकडं. तिनं कॉफीच्या पानांचा काढा करवंटीतून त्यांच्यापुढं ठेवला.

"मामा, शेत राखायचं तुम्ही आणि शेत अमाकचं. पणजीपासून जमीन आईकडून लेकीकडं जाते, असंच आहे ना? नकाशातही मी तसंच लावलंय. तुम्ही बघा, शेरा लिहा. रेघ बदलणार अमाक."

"म्हणजे मी बुजगावणं."

"बुजगावणं शेरे नाही लिहीत, मामा."

मी शहात्तर वर्षांची, कुळातली सगळ्यांत थोरली बाई. म्हणून थोरली चावी माझ्याकडं आली. कुणाला फक्त पाहता येतं. कुणाला भर घालता येते, पण स्वतः घातलेलंच बदलता येतं. आणि मला सगळ्यांचं सगळं बदलता येतं, पुसतासुद्धा येतं. पहिले दोन दिवस माझं बोट घसरत राहिलं आणि भाताचं एक खाचर थेट मशिदीच्या अंगणात गेलं. मग जमलं. वरची खाचरं झाली, माशांचं तळं झालं, दालचिनीचा उतार झाला. ओढ्याकडचा एक तुकडा तेवढा कोरा होता.

"अमाक, हा राहिला," येल्वी म्हणाली.

"राहिला नाही, ठेवलाय. तो आस्निमारचा आहे."

दातुकांनी करवंटी खाली ठेवली.

आस्निमार माझी पाठची बहीण, तीन वर्षांनी धाकटी; मला उनी म्हणायची, म्हणजे ताई. त्या ओढ्यावर आम्ही बदकं सोडायचो आणि केस धुवायचो. बांधाच्या मधोमध एक चपटा दगड होता. बाबा तो उखडायला निघाले तेव्हा ती आडवी पडली. "तो झोपलाय," म्हणाली. सहा वर्षांची होती. शेवटी बाबांनी बांधच वळवला, दगडाला वळसा घालून. गाव बाबांना हसलं. वळसा राहिला.

एक्कावन्न वर्षांपूर्वी तिनं आमच्याच कुळातल्या मुलाशी लग्न केलं. तो दूरच्या गावचा, सात पिढ्यांत नातं नव्हतं. पण कुळ एक म्हणजे भाऊबहीणच. मोठ्या घरात बैठक बसली. बायकांचं मत विचारायची पाळी आली तेव्हा आईला रडू आवरेना. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझा शब्द धरला असता त्यांनी. मी चटईच्या विणीकडं पाहत बसले.

तिला कुळातून काढलं. दुपारच्या बसनं ती बंदराला गेली आणि तिथून समुद्र ओलांडून परदेशी, सेरेम्बानला. आता विमानानं तासाभराची वाट आहे. इतक्या वर्षांत तिचे चार निरोप आले, चारही मयताचे, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून. तिच्या खाचरात रोपं मीच लावते. दर वर्षी त्या चिखलात पाय घालताना वाटतं, बांधावरून कुणी तरी ओरडेल, 'उनी, तुझी रांग वाकडी चाललीय!' माझी रांग वाकडीच असते. कुणी ओरडत नाही.

"काढलेल्या बाईची रेघ कशी असेल?" दातुक म्हणाले. "महिनाअखेर नकाशा बंद होतोय. कोरं राहिलं तर कचेरी पडीक म्हणून लावेल. तुझ्या नावात घे आणि मोकळी हो."

मी येल्वीला विचारलं, "तिला तिच्या तुकड्यापुरतं देता येईल का?"

"येईल. तेवढ्यात ती रेघ ओढेल, बाकी फक्त बघेल. तिच्या नातीचा नंबर आहे माझ्याकडं."

"पाठव."

"उनी, मला विचारलंही नाहीस तू!" दातुक म्हणाले.

"शेरा लिहा," मी म्हणाले.

त्यांनी खरंच लिहिला. शब्दाच्या प्रत्येक अक्षरावर बोट आपटून.

नऊ दिवस तुकडा कोराच होता. मी भात ढवळताना बघायची, नमाजाच्या आधी बघायची, नंतर बघायची. दहाव्या दिवशी येल्वी कचेरीतून पळत आली. "अमाक, ओढली मावशीनं!"

पिवळी रेघ होती. वरच्या बांधानं नीट उतरली, मग सरळ नदीत शिरली. पंधरा वर्षांपूर्वीच्या पुरात ओढा आणि नदी एक झाली, तिथला अर्धा बांध वाहून गेला. आस्निमारला ते कोण सांगणार? तिनं आपली आठवणीतली रेघ ओढली होती. आणि भर नदीत, पाण्याच्या मधोमध, त्या रेघेनं एक छोटा वळसा घेतला होता. दगडाला.

मी फोन डोळ्यांजवळ नेला.

"चूक दाखवतोय नकाशा," येल्वी म्हणाली. "अमाक, तू वीस मीटर अलीकडं ओढ, झालं. तुला येतं."

"नाहीतर पुसून टाक," दातुक म्हणाले. ते शेरा वाचला का, हे विचारायला आले होते.

मी रेघेकडं बघत राहिले. वीस मीटरचं काम. बोटानं धरायचं, सरकवायचं. नकाशा नीट झाला असता, आस्निमारचं नाव त्यात आलं असतं, आणि ती सेरेम्बानलाच राहिली असती. मग तिचाही निरोप दुसऱ्याच्या तोंडून आला असता, किंवा तिला माझा गेला असता.

"येल्वी, या तुकड्यावरचा माझा हक्क काढता येतो?"

"येतो. पण मग तिच्याशिवाय कुणालाच ती रेघ हलवता येणार नाही. मलाही नाही."

"काढ."

"अमाक..."

"काढ, आणि तिला फोन लाव."

नातीनं उचलला, मग भांड्यांचा आवाज, मग चपला ओढत कुणी तरी आलं.

"उनी?"

मला वाटलं होतं, आवाज ओळखू येणार नाही. तो आमच्या आईचाच आवाज होता.

"रेघ बघितलीस?" तिनं विचारलं. जणू काल संध्याकाळी बोललो होतो.

"बघितली. अर्धी नदीत आहे तुझी."

"तिथं नदी कुठून आली?"

"पुरानं आणली. तुला विचारून नाही आणली."

ती हसली आणि खोकली. "मग सरकव की. थोरली चावी तुझ्याकडं आहे, नात सांगत होती."

"तुझ्या तुकड्याची नाही. तिथं तुझ्याशिवाय कुणाला हात लावता येत नाही. आणि तुलाही इथं येऊन, बांधावरून चालत चालतच ओढावी लागेल."

येल्वीनं डोळे मोठे केले. असा काही नियम नव्हता. दातुकांनी तोंड उघडलं, मी हात केला, ते मिटलं.

पलीकडं कुठं तरी टीव्ही चालू होता.

"मला काढलंय, उनी. बांधावर कशी उभी राहू?"

"त्या दिवशी मी बोलायला हवं होतं." पुढचं खूप होतं, वर्षानुवर्षं घोटलेलं. तेवढंच बाहेर आलं.

"तू चटईकडं बघत होतीस," ती म्हणाली. "मीही तिथंच बघत होते."

दातुक खाकरले. "तिला सांग, माफीचा बोकड लागेल. कुळात परत घ्यायची रीत आहे ती." मग हळूच म्हणाले, "बोकडाचं मी बघतो."

"कोण बोलतंय गं?"

"दातुक आपले. बुस्तामी, मावशीचा."

"ज्याचं नाक गळायचं तो?"

"तोच."

"तो दातुक झाला?" ती इतकी हसली की दातुकांनाही ऐकू गेलं. ते उठून बोकड बघायला निघून गेले.

"माझे गुडघे गेलेत, उनी."

"माझेही. बांध काही पळत नाही."

"दगड आहे ना अजून?"

दगड पुरात कुठं गेला ते कुणालाच ठाऊक नाही. मी म्हणाले, "येऊन बघ."

ती म्हणाली, "चिखल असतो का अजून तेवढाच?"

"पोटरीभर."

"मग चांगल्या चपला नाही आणत. ईद झाली की बघू."

बघू म्हणाली. येते, असं नाही म्हणाली.

महिनाअखेर उलटून गेली. येल्वीनं कचेरीत त्या तुकड्यापुढं लिहिलं, 'मालकीण येणार आहे', आणि साहेबांची बोलणी खाल्ली. रोजे चालू झालेत. पहाटेचं जेवण उरकलं की मी फोन उघडते. रेघ अजून नदीतच आहे, वळशासकट. मी तिला बोट लावून बघते. फोन माझं बोट झिडकारतो. मग मला बरं वाटतं.