डावी तर्जनी

मी डोळे मिटून बसायचं आणि नणंदेने कंपासपेटीतल्या कर्कटकाची दोन टोकं माझ्या बोटावर टेकवायची. उजव्या तर्जनीला तीन मिलिमीटर अंतरावरही दोन टोकं कळत. डाव्या तर्जनीला नऊ मिलिमीटरपर्यंत एकच कळे, आणि अगदी शेंड्याला तेही नाही.

विंचू चावून दहा आठवडे झाले होते. वाळलेली चादर दोरीवरून ओढताना तो घडीत बसलेला होता. एक रात्र दवाखान्यात गेली. वेदना दोन दिवसांत थांबली, मुंग्या महिनाभर राहिल्या. मग मुंग्याही गेल्या आणि मागे हा बधिरपणा उरला.

"विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात," नणंद म्हणाली. "याने तर तुमच्या बोटात संसार थाटलाय, वहिनी. मॅडमना सांगितलंत?"

"सांगेन."

"गेल्या सोमवारीही हेच म्हणालात."

मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख डॉक्टर. तिथे मी तपासणीसाठी रक्त काढते. शीर डोळ्यांनी कमी आणि डाव्या तर्जनीने जास्त शोधायची असते. 'ही दगडातूनही रक्त काढेल,' असं माझ्याबद्दल सगळे म्हणत. सांगितलं की माझी रवानगी नोंदणीच्या खिडकीवर, हे ठरलेलं होतं. म्हणून मी हातमोज्याच्या तर्जनीचा शेंडा कात्रीने उडवून काम करत होते. हे नियमाविरुद्ध होतं, पण उघड्या बोटाला जरा जास्त कळतं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातवा नंबर एका म्हाताऱ्या शिंप्याचा होता. शिरा दोऱ्यासारख्या बारीक. शिरेवर बोट ठेवून मी त्वचा ताणली आणि सुई नेली, तेवढ्यात तो खोकला. माझं लक्ष नळीकडे होतं. रक्त येईना. मी सुई किंचित पुढे सरकवली.

"झालंच हं, आजोबा."

"पण टोचणार कधी?"

"टोचलीये की!"

"थट्टा करता होय? जन्म सुयांत गेला माझा, बाई. मला काही टोचलेलं नाही."

मी खाली पाहिलं. सुई माझ्याच तर्जनीत रुतली होती.

ते बोट दुसऱ्या कुणाचं असावं, तशी मी बघत राहिले. सुई ओढून काढली. रक्ताचा थेंब वर आला, तरी काहीच कळलं नाही.

"अहो, ओरडा तरी!" शिंपी म्हणाला.

सुई कोरी होती, त्याला शिवलीही नव्हती. मी हातमोजा काढला, बेसिनवर बोट धुतलं आणि दिव्याखाली धरलं. ताज्या छिद्राशेजारी आणखी दोन ठिपके होते. एकावर खपली धरलेली, दुसरा जवळजवळ बुजलेला.

हे कधी झालं? कोणाच्या हातातून निघालेल्या सुईने? आदल्या दिवशी मी एकेचाळीस जणांचं रक्त काढलं होतं, आणि हे बोट उघडंच त्यांच्या हातांवरून फिरलं होतं.

शिंप्याला मी सहकारणीकडे सोपवलं आणि मॅडमच्या खोलीचं दार लोटलं. इतके दिवस घोकलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना.

"काय गं, अशी पांढरीफटक का पडलीस?"

मी बोट त्यांच्यापुढे केलं.

"मॅडम, विंचू चावल्यापासून हे बोट बधिर आहे. मी लपवलं. आजपासून मी सुई धरणार नाही. आणि आधी माझं रक्त तपासायला घ्या."