कपाटातली चावी

वादळ अशक्त झालं, असा निरोप सकाळी आठला आला आणि साहेबांचा जीव भांड्यात पडला. नाल्याच्या काठी राहणाऱ्यांचं काय होणार, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

मोठा नाला नदीला मिळतो तिथे एक लोखंडी दार आहे. एरवी ते बंद असतं, म्हणजे नदीची घाण आत येत नाही. वादळाचा इशारा आला की पालिकेच्या ऑफिसातून चावी घ्यायची आणि चाक फिरवून दार वर उचलायचं, म्हणजे पावसाचं पाणी नदीत निघून जातं. इशारा मागे घेतला की दार खाली, साखळीला कुलूप आणि चावी साहेबांच्या कपाटात जमा. अकरा वर्षं हे काम एक बाई करते. अख्खी गल्ली तिला चाकवाली म्हणते.

आता हा इशारा कशावर ठरतो? वाऱ्यावर. पाऊस कुणाच्या खिजगणतीत नाही. वारा पडला की संकट टळलं, असं शहाणपण वरच्या मजल्यावर बसूनच सुचतं. दमलेलं वादळ पुढे सरकत नाही, एका जागी बसून रिकामं होतं, हे चाकवालीला चांगलं ठाऊक होतं. तरी तिने मुकाट दार खाली घेतलं, कुलूप लावलं आणि नऊला चावी देऊन आली. नेमाने वागायची खोड, दुसरं काय. त्यापायी तिला पुढे कितीतरी दिवस स्वतःचाच राग येत राहिला.

दहाला पाऊस जो सुरू झाला, तो समोरचं माणूस दिसेना असा. अकराला तिच्या खोलीच्या वर राहणाऱ्या शिंप्याचा फोन आला.

"ताई, नाला उलटलाय. तुमच्या खोलीत पाणी शिरलं. बाबांना टेबलावर बसवलंय, पण मला एकट्याला त्यांना जिना चढवता येत नाही."

बाबा म्हणजे तिचे वडील; त्यांची उजवी बाजू दोन वर्षांपासून लुळी होती. चाकवालीच्या तोंडचं पाणी पळालं. ती तशीच भिजत ऑफिसात गेली.

"साहेब, चावी द्या. गल्ली बुडतेय."

"बाई, इशारा मागे घेतलाय. आता दार उघडायचं तर वरून आदेश हवा."

"मग विचारा वर."

"विचारलंय. वर मीटिंग चालू आहे."

"खिडकीतून बघा तरी एकदा."

"मी बघून काय होणार? कागद लागतो."

कपाट त्यांच्या पाठीमागेच, हाताच्या अंतरावर होतं. चाकवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला वाटलं, या माणसाला उचलून त्या टेबलावर बाबांच्या शेजारी बसवावं. पण भांडत बसायला वेळ कुठे होता? ती नाल्यावर धावली आणि अवजारांच्या खोलीतली पहार काढली. सातव्या घावाला कुलूप तुटलं. चाक एकटीने फिरवताना दोन्ही तळवे सोलवटले. दार वर गेलं आणि नाला नदीत कोसळायला लागला.

घरी पोचली तेव्हा पाणी उतरू लागलं होतं. शिंपी टेबलाजवळ उभा राहून बाबांना काखेतून धरून होता. बाबा छातीपर्यंत भिजलेले, ओठ काळेनिळे.

"कुठे होतीस?" बाबांनी विचारलं.

चावी मागत होते, हे वडिलांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

दुपारी मोठे साहेब पाहणीला आले. आपले साहेब छत्री धरून त्यांच्या पुढे, आणि ऐटीत सांगतायत, "वेळीच दार उघडलं, म्हणून निभावलं." मग हळूच चाकवालीजवळ येऊन त्यांनी एक कागद पुढे केला. साडेदहाला चावी मिळाली, असं त्यात लिहिलेलं होतं.

"सही करा. कुलपाचं मी मिटवतो. सरकारी कुलूप फोडलंय तुम्ही, नोकरी जाईल. आणि तुमच्याकडे तरी कुणाचं काय गेलं? सगळे सुखरूप आहेत ना?"

तिने पेन मागून घेतलं. छापलेल्या ओळींवर आडवी रेघ मारली आणि सोलवटलेल्या हाताने, अक्षर वेडंवाकडं येत असताना, खाली लिहिलं: 'चावी नऊपासून साहेबांच्या कपाटात होती. अकरा वाजता मागितली, दिली नाही. माझे वडील छातीपर्यंत पाण्यात होते. कुलूप मी फोडलं.'

सही केली, आणि साहेबांचा पुढे आलेला हात तसाच ठेवून कागद मोठ्या साहेबांना नेऊन दिला.